घटस्फोटाच्या तडजोडीत पेन्शनची किंमत कशी धरायची आणि ती पदरात कशी पाडायची

"निवृत्तीनंतर मिळणाऱ्या पेन्शनपैकी निम्मी रक्कम पत्नीस मिळेल." तडजोडीच्या मसुद्यात हे वाक्य दिसलं की मी तिथंच बोट ठेवतो. माझी नोकरीची बरीच वर्षं सोलापुरात पेन्शनच्या टेबलावर गेली. असा हुकूमनामा पिशवीतून काढून बाई टेबलासमोर उभी राहते, आणि टेबलावरच्या माणसाला तो वाचून परत देण्यापलीकडे काही करता येत नाही. पेन्शन प्रदान आदेशावर नाव एकाचं असतं, खातं एकाचं असतं. घटस्फोटितेला त्यातून फोडून द्यायचा रकानाच त्या कागदावर नाही.

लग्नानंतर कमावलेलं आपोआप निम्मं-निम्मं होतं, असा कायदा आपल्याकडे नाही. पेन्शन दोघांत वाटून द्या, असा आदेश पेन्शन कार्यालयाला देण्याची सोय हिंदू विवाह कायद्यात नाही. वर पेन्शन अधिनियम १८७१ चं कलम १२ म्हणतं की पुढे मिळायची पेन्शन आज दुसऱ्याला लिहून दिली तर ते लिखाण रद्दबातल. त्यामुळे पेन्शनची आजची किंमत काढायची आणि ती घर, रोख, ठेव किंवा दरमहाची पोटगी अशा दुसऱ्या कशातून तरी वसूल करायची, हाच रस्ता उरतो. तो कोणत्या क्रमानं चालायचा ते खाली आहे.

लेख हिंदू विवाह कायदा १९५५ धरून आहे. विशेष विवाह कायद्याखालचं लग्न असेल तर कलम ३६ आणि ३७ लागतात आणि पोटगी फक्त पत्नीला मागता येते. मुस्लिम स्त्रियांचे मार्ग वेगळे आहेत. किंमत काढायची रीत मात्र सगळ्यांना सारखीच.

पायरी १: पेन्शन कोणती, ते आधी ठरवा

"साहेब, सरकारी नोकरी आहे" एवढ्यावर हिशेब होत नाही. सोलापुरात साधारण तीन प्रकार समोर येतात.

जुनी पेन्शन: १ नोव्हेंबर २००५ पूर्वी राज्य सेवेत किंवा जिल्हा परिषदेत लागलेले, आणि १ जानेवारी २००४ पूर्वी रेल्वेत लागलेले. शेवटच्या पगारावर ठरणारी, महागाईप्रमाणे वाढणारी आणि मरेपर्यंत मिळणारी.

एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना): त्या तारखांनंतर लागलेले. खात्यात शिल्लक साठत जाते. सरकारी कर्मचाऱ्याला निवृत्तीच्या वेळी त्यातली ६० टक्क्यांपर्यंत रोख काढता येते, किमान ४० टक्के वार्षिकीत (दरमहा पेन्शन देणाऱ्या विमा योजनेत) गुंतवावी लागते.

ईपीएस ९५ (पीएफ कापणाऱ्यांची कर्मचारी पेन्शन योजना, १९९५): अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतले चादर-टॉवेलचे कारखाने, साखर कारखाने, एसटी आणि विडी कारखाने. रक्कम लहान असते, पण असते.

ओळखायची सोपी खूण पगारपत्रकात सापडते. जीपीएफची (सरकारी नोकरांच्या भविष्य निर्वाह निधीची) कपात दिसली तर जुनी पेन्शन, एनपीएसची दिसली तर नवी, पीएफची दिसली तर सहसा ईपीएस. नोकरीला कधी लागला हे सासरच्यांच्या तोंडून ऐकून अंदाज बांधू नका. राज्यानं एनपीएसवाल्यांना अलीकडे सुधारित योजनेचा पर्याय दिला आहे. तो घेतलाय का, हेही विचारून घ्या, कारण त्यावर सगळा हिशेब बदलतो.

तपासा: बायकोचीही पेन्शन मोजायची असते. वीस-पंचवीस वर्षं विड्या वळणाऱ्या बाईचा स्वतःचा पीएफ आणि ईपीएस असतो, आणि ती सांगते, "मला कुठली हो पेन्शन?" नवऱ्याच्या वकिलानं ती शोधून काढण्याआधी तुम्ही कागदावर आणा. ईपीएसची किमान पेन्शन महिना १,००० रुपये आहे. तेवढ्यानं पोटगी बुडत नाही. लपवल्याचं मात्र अंगाशी येतं.

पायरी २: नोटिशीच्या आधी कागद

कागद गोळा करायची वेळ भांडण कोर्टात जाण्याआधीची. एकदा नोटीस गेली की कपाटाची किल्ली बदलते. लागणारे कागद असे:

१. मागच्या तीन वर्षांची पगारपत्रकं, निदान एप्रिल आणि मार्च महिन्यांची.
२. जीपीएफची वार्षिक चिठ्ठी, पीएफचं पासबुक किंवा एनपीएसचं खातेविवरण, यातलं जे लागू असेल ते.
३. निवृत्ती झाली असेल तर पेन्शन प्रदान आदेश आणि अंशराशीकरणाचा (पेन्शनचा भाग विकून एकरकमी पैसे घेतल्याचा) आदेश.
४. सेवापुस्तकाचं पहिलं पान. जन्मतारीख आणि रुजू तारीख तिथं असते.
५. वारस नेमणुकीचे सगळे अर्ज: पीएफ, उपदान (ग्रॅच्युइटी), विमा.
६. लग्नाचा दाखला.

जीपीएफच्या चिठ्ठीत "ना-परतावा" म्हणून काढलेली रक्कम शोधा. घटस्फोटाच्या वर्षात घरदुरुस्तीच्या नावाखाली चार लाख निघाले असतील आणि घराला रंगही लागला नसेल, तर ते चार लाख शिल्लकेत परत मिळवूनच हिशेब धरा.

कागद मिळत नसतील तर? सर्वोच्च न्यायालयानं ४ नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालात पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोघांनीही मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र द्यायचं, असं बंधनकारक केलं. पीएफ, पेन्शन, विमा सगळं त्यात यावं लागतं. समोरच्यानं ते रकाने कोरे सोडले तर वकिलामार्फत अर्ज करून त्याच्या आस्थापनेलाच कागद हजर करायला सांगता येतं. माहिती अधिकारावर विसंबू नका. वैयक्तिक माहिती म्हणून अर्ज फेटाळला गेल्याची उदाहरणं आहेत आणि त्यात महिने जातात.

इशारा: नवऱ्याच्या मोबाइलवर आलेला ओटीपी वापरून त्याचं पीएफ खातं उघडू नका. पासबुक मिळेल, पण प्रकरण तुमच्यावरच उलटेल.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून थांबू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी तिचं उत्पन्न पाहिलं जात नाही. हे अजूनही कित्येकींना माहीत नसतं.

पायरी ३: तीन तारखा

कोऱ्या कागदावर तीन तारखा लिहा: लग्नाची, वेगळं राहायला लागल्याची आणि निवृत्तीची. चौथी, रुजू तारीख, सेवापुस्तकात आहेच.

पेन्शन पूर्ण नोकरीची असते, संसार त्यातल्या काही वर्षांचा. म्हणून एकूण नोकरीच्या वर्षांनी लग्नातली नोकरीची वर्षं भागायची. आपल्याकडच्या कायद्यात असा अपूर्णांक सांगितलेला नाही आणि कोर्ट त्याला बांधील नाही. पण मध्यस्थासमोर बसल्यावर "अर्धी द्या" आणि "छदामही देणार नाही" यांच्यामध्ये धरायला तो एक दांडा होतो.

पायरी ४: आजची किंमत काढा

सगळ्यात जास्त गोंधळ इथंच होतो, म्हणून एक हिशेब पूर्ण मांडतो.

जिल्हा परिषदेतला लिपिक. १९९६ ला लागला, २०२८ ला अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होणार. लग्न २००१ चं, २०२६ पासून वेगळे. निवृत्तीच्या वेळी मूळ पगार ६०,००० धरला तर मूळ पेन्शन त्याच्या निम्मी, म्हणजे ३०,०००. हिशेब सुटसुटीत राहावा म्हणून महागाई वाढीची आजची रक्कम मी बाजूला ठेवलीय. तुम्ही ती मिळवा.

वर्षाचे झाले ३,६०,०००. हे वीस वर्षं मिळतील असं धरू. याला सरळ वीसनं गुणायचं नाही, कारण वीस वर्षांनी मिळणारा रुपया आजच्या रुपयाएवढा नसतो. वर्षाच्या रकमेला गुणकानं, म्हणजे तेवढ्या वर्षांच्या रकमांची आजची किंमत सांगणाऱ्या आकड्यानं, गुणायचं. ७ टक्के दरानं १५, २० आणि २५ वर्षांचे गुणक अनुक्रमे ९.१, १०.६ आणि ११.७ येतात. ३ टक्के दरानं तेच ११.९, १४.९ आणि १७.४ होतात.

कोणता दर घ्यायचा? ठेवीवर ७ टक्के मिळतात म्हणून नवऱ्याकडचा हिशेबनीस ७ चा गुणक लावतो. तो बरोबर आहे, पण पेन्शन वीस वर्षं आहे तेवढीच राहणार असेल तरच. जुनी पेन्शन महागाई वाढीसकट चढत जाते. चढण वर्षाला ४ टक्के धरली तर ७ मधून ४ वजा करून ३ चा गुणक लावायला हवा. ईपीएसला महागाई वाढ नाही, तिथं ७ चालतो.

फरक किती पडतो ते बघा. ७ टक्क्यांनी ३,६०,००० गुणिले १०.६, म्हणजे ३८ लाख १६ हजार. ३ टक्क्यांनी ५३ लाख ६४ हजार. एका आकड्याच्या निवडीवर साडेपंधरा लाख हलतात, आणि मध्यस्थीच्या टेबलावर या निवडीबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

ही निवृत्तीच्या दिवशीची किंमत झाली. निवृत्ती दोन वर्षांवर आहे, म्हणून ५३ लाख ६४ हजारांना १.१४५ नं (७ टक्क्यांची दोन वर्षांची वाढ) भागा: सुमारे ४६ लाख ८५ हजार. लग्नातली वर्षं २५, एकूण नोकरी ३२. तेवढा हिस्सा धरला की ३६ लाख ६० हजार. ७ चा गुणक धरला असता तर हाच आकडा २६ लाखांवर आला असता.

या ३६ लाखांत पत्नीचं किती? ठरलेलं प्रमाण नाही. निकालांत निव्वळ पगाराच्या २५ टक्के हा मापदंड वाचायला मिळतो, पण तो दरमहाच्या पोटगीबद्दल आहे, पेन्शनच्या किमतीबद्दल नाही. कोर्ट लग्नाचा कालावधी, दोघांचं उत्पन्न, मुलं, पत्नीचं वय आणि संसारासाठी तिनं सोडलेली नोकरी बघतं. मागणी या गोष्टींच्या आधारानं लिहा.

एनपीएसचा हिशेब सोपा. खातेविवरणातली आजची शिल्लक घ्या, लग्नाच्या दिवशीची वजा करा, झालं. टियर दोनचं (ऐच्छिक बचतीचं) खातं असेल तर ते वेगळं धरा, त्यातली रक्कम केव्हाही काढता येते.

ईपीएससाठी सूत्र आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले ७०. पगाराची मर्यादा १ सप्टेंबर २०१४ पासून १५,००० आहे, त्याआधी ६,५०० होती, आणि दोन्ही तुकडे वेगळे मोजतात. मर्यादेवर पीएफ कापला जाणाऱ्या कामगाराची १२ वर्षं जुनी आणि १३ वर्षं नंतरची असतील तर १,११४ अधिक २,७८६, म्हणजे ३,९०० रुपये महिना. सेवा वीस वर्षं किंवा जास्त असेल तर वर दोन वर्षांची भर मिळते. "पगार ४० हजार आहे, पेन्शन २० हजार मिळेल" असं धरून बसलेल्यांनी एवढं सूत्र एकदा मांडून बघावं. अशा घरात खरा पैसा पीएफच्या शिल्लकेत आणि उपदानात असतो. उपदान म्हणजे शेवटचा मूळ पगार व महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. २०,००० पगार आणि २५ वर्षांना २ लाख ८८ हजार.

पायरी ५: एकच रुपया दोनदा मोजलाय का?

मसुदा पुढे सरकण्याआधी दोन जागा तपासा.

पहिली, अंशराशीकरण. राज्यात पेन्शनच्या ४० टक्क्यांपर्यंत भाग विकून एकरकमी पैसे घेता येतात. आपल्या लिपिकानं १२,००० विकले तर १२,००० गुणिले १२ गुणिले ८.३७१, म्हणजे १२ लाख ५ हजार हातात येतील आणि पंधरा वर्षं पेन्शन १८,००० मिळेल, महागाई वाढ मात्र पूर्ण ३०,००० वर. पेन्शनची किंमत ३०,००० वर काढली असेल तर हे १२ लाख त्यातच आहेत. ते वेगळे जोडणं चूक. उलट बाजूनंही फसवणूक होते: "माझी पेन्शन तर १८ हजारच आहे" असं सांगून १२ लाखांचा उल्लेखच करायचा नाही. ८.३७१ हा गुणक पूर्ण पेन्शनची किंमत काढायलाही वापरलेला मी पाहिलाय. तो पेन्शन विकण्यासाठीचा आहे, महागाई वाढ त्यात धरलेली नाही.

दुसरी, पोटगी. पेन्शनची किंमत धरून घर घेतलं आणि वर त्याच पेन्शनवर दरमहा पोटगीही मागितली, तर समोरचा वकील बरोबर तिथंच पकडतो. पेन्शन एक तर मालमत्ता म्हणून मोजा, नाहीतर उत्पन्न म्हणून. अर्धी अशी, अर्धी तशी चालेल, पण मसुद्यात तसं लिहा.

पायरी ६: कुटुंब निवृत्तिवेतन गमावता आहात, त्याचे पैसे मागा

ही पायरी जवळजवळ सगळेच विसरतात. जुन्या पेन्शनमध्ये नवरा गेल्यावर पत्नीला शेवटच्या मूळ पगाराच्या ३० टक्के कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, सुरुवातीची काही वर्षं त्याहून जास्त. वरच्या उदाहरणात महिना १८,०००, अधिक महागाई वाढ. घटस्फोट झाला की ती "कुटुंब" या व्याख्येतून बाहेर जाते. मुलं पात्र राहतात, ती नाही. नवऱ्यानं पुन्हा लग्न केलं तर तो हक्क दुसरीला. ईपीएसमध्येही विधवा पेन्शनचा हक्क असाच जातो.

पन्नाशीच्या पुढच्या बाईनं सही करण्याआधी वकिलाला एक प्रश्न जरूर विचारावा: घटस्फोटाऐवजी कलम १० खालची न्यायिक विभक्तता घेतली तर? त्यात लग्न टिकतं, एकत्र राहायची सक्ती संपते, आणि कुटुंब निवृत्तिवेतनाचं दार सहसा उघडं राहतं. दोघांपैकी कुणालाच पुन्हा लग्न करायचं नसेल तर मला तरी हा मार्ग जास्त शहाणपणाचा वाटतो. चारचौघांत "सुटका झाली" म्हणता येत नाही म्हणून बाया तो नाकारतात, तो भाग वेगळा.

घटस्फोटच घ्यायचा असेल तर या गमावलेल्या हक्काची भरपाई वेगळ्या ओळीत मागा.

पायरी ७: बदल्यात काय घ्यायचं

माझी पसंती घराला. नंतर रोख, आणि सगळ्यात शेवटी दरमहाची रक्कम. निवृत्त नवऱ्याची दरमहाची पोटगी थकली तर वसुली सोपी नाही. सरकारी पेन्शनला जप्तीपासून संरक्षण आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०१९ मध्ये पत्नीच्या पोटगीसाठी हे संरक्षण आड येत नाही असं म्हटलं, त्याचा आधार घ्या. पण त्याच्या भरवशावर तडजोड बांधू नका.

घर मुलांच्या किंवा पत्नीच्या नावे होणार असेल तर क्रमाला फार महत्त्व आहे. महाराष्ट्रात राहतं घर पत्नी किंवा मुलांना बक्षीसपत्रानं दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये, इतर उपकर वेगळे. ती पत्नी असेपर्यंतच. हुकूमनाम्यानंतर ती कायद्यानं परकी, आणि शुल्क बाजारभावावर. नवऱ्याच्या बाजूनं धोका उलटा: बक्षीसपत्र झालं आणि तिनं घटस्फोटाची संमती काढून घेतली तर घर गेलं. म्हणून बक्षीसपत्र संमतीच्या घटस्फोटातल्या दुसऱ्या अर्जाच्या (पायरी ८ बघा) तारखेला लागूनच ठेवतात.

दरमहाची रक्कमच घ्यायची असेल तर कलम २५ मधली सोय वापरा. पोटगीच्या हमीसाठी नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेवर बोजा ठेवता येतो. हुकूमनाम्यात मालमत्तेचं वर्णन गट क्रमांक किंवा सिटी सर्व्हे क्रमांकासकट लिहून घ्या आणि बोजाची नोंद सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर करून घ्या. आणि "दरवर्षी अमुक टक्के वाढ" हे वाक्य लिहा. त्याची पेन्शन महागाईबरोबर चढणार आणि तिची पोटगी दहा वर्षं ८,००० वरच थांबणार, असे हुकूमनामे मी ढिगानं पाहिलेत.

कर: दरमहाची पोटगी घेणाऱ्याचं उत्पन्न धरली जाते, एकरकमी रक्कम भांडवली मानली जाते. मुंबई उच्च न्यायालयाचा तसा निकाल आहे.

पायरी ८: मसुदा आणि सह्या

परस्पर संमतीच्या घटस्फोटात कलम १३-ब प्रमाणे दोन अर्ज असतात. मधला काळ सहा महिन्यांचा असतो, २०१७ पासून कोर्ट योग्य प्रकरणात तो माफही करतं. दुसऱ्या अर्जापर्यंत कुणीही माघार घेऊ शकतं. म्हणून रक्कम टप्प्यांत ठेवा: काही पहिल्या अर्जाला, उरलेली दुसऱ्या अर्जाच्या दिवशी डिमांड ड्राफ्टनं, कोर्टासमोर. "निवृत्तीनंतर उपदान मिळाल्यावर देईन" हे वाक्य आलं तर त्याला तारीख आणि उशिराचं व्याज जोडा, आणि बोजाशिवाय मान्य करू नका.

इशारा: छापील मसुद्यात शेवटी एक वाक्य हमखास असतं, "पत्नी भूत, वर्तमान व भविष्यातील सर्व हक्क सोडत आहे." हे मुलांच्या हक्कांना लागू नाही, असं त्याच परिच्छेदात लिहून घ्या. मुलांचा कुटुंब निवृत्तिवेतनाचा हक्क आईनं सोडायचा नसतोच.

पायरी ९: हुकूमनाम्यानंतरचा महिना

हुकूमनाम्याच्या प्रमाणित प्रती एकाच वेळी चार काढा. नवऱ्यानं आस्थापनेत कुटुंबाचा तपशील बदलायचा आणि वारस नेमणूक नवी भरायची. मुलांची नावं त्यात ठेवायचं ठरलं असेल तर भरलेल्या अर्जाची पोच पत्नीला द्यायची, हे कलम मसुद्यातच असावं.

पत्नीचं स्वतःचं कामही याच महिन्यात उरकावं. विडी घरकुलातल्या (विडी कामगारांच्या वसाहतीतल्या) एका बाईंचं पीएफचं जुनं पुस्तक माझ्या हातात आलं होतं. कडांना तंबाखूचा पिवळा डाग. पहिल्या पानावर माहेरचं नाव तेलुगू उच्चाराप्रमाणे, आधारवर सासरचं नाव मराठी वळणाचं, जन्मसाल दोन्हीकडे वेगळं, आणि वारस म्हणून ज्याच्यापासून फारकत झाली तोच. पैसे तिचेच होते, पण कागदावरची बाई ती नव्हती. अशा जुन्या खात्यात नाव आणि जन्मतारखेची दुरुस्ती कारखान्याच्या सहीच्या संयुक्त घोषणापत्रानं होते. कारखाना चालू असेपर्यंत ती सही मिळते. बंद पडल्यावर त्याच दुरुस्तीसाठी हेलपाटे घालावे लागतात.